आयर्विनची पातळी लिहून ठेवणारा मुलगा

सांगलीच्या गावभागातून एका आईचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"माझा मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. जूनपासून त्याने एक वही केली आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी, कोयना धरणातला साठा, किती पाणी सोडले, असले आकडे तो रोज त्या वहीत उतरवत बसतो. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि पहिला प्रश्न, 'आता किती फूट?' पहिल्या चाचणीत गणितात 20 पैकी 9 गुण पडले. ह्यांचे म्हणणे की हे वेड वेळीच मोडले पाहिजे, म्हणून शिकवणी होतीच, त्यात शनिवार-रविवारी अबॅकसचा क्लास लावला. बारा दिवसांपूर्वी रागाच्या भरात मी ती वही माळ्यावर टाकली. तो रडला नाही, पण तेव्हापासून धड बोलत नाही. माझी एक मैत्रीण पुण्यात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते. तिचे ऐकून वाटते की यालाही शाळेतून काढावे आणि त्याच्या आवडीचे घरीच शिकवावे. मी पतसंस्थेत नोकरी करते, अकरा ते सहा घराबाहेर असते. घरी सासूबाई असतात. धाकटी आठ वर्षांची आहे आणि तिचे अगदी उलटे. तिला कशाचीच आवड नाही. नुसती आज्जीच्या मागे मागे असते, आज्जी वाकळ शिवायला बसली की चिंध्या लावत बसते. मी नेमके काय करावे?"

ताई, माळ्यावर टाकलेली वही तुम्ही पुन्हा खाली काढलीत, तिच्या एका पानाचा फोटो काढलात आणि तो मला पाठवलात. तुमच्या मनाने उत्तर अर्धे दिलेलेच आहे, असे मला तो फोटो पाहताना वाटले. ते पान मी चार-पाच वेळा वाचले, आणि त्यावर जे आहे ते तुम्हाला पुन्हा एकदा दाखवावे, असे वाटते, कारण रागात पाहिलेले पान आणि शांतपणे पाहिलेले पान यांत फरक पडतो.

पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने आहेत. तारीख, आयर्विन, कोयना, विसर्ग आणि पाचवा रकाना 'आज्जीचा गुडघा'. त्या रकान्यात रोजच्या रोज 'दुखतो', 'नाही', 'थोडा' अशा नोंदी आहेत. पाऊस येणार असला की गुडघा आधी सांगतो, असे घराघरांतल्या आज्या सांगतात आणि आपण ऐकून सोडून देतो. तुमच्या मुलाने ते सोडून दिले नाही, खरे आहे का ते पाहायला घेतले. कोणी न सांगता, कोणतेही गुण नसताना, एक ऐकीव गोष्ट तो रोजच्या नोंदीने तपासतो आहे. तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवताना असा रकाना आखणारी मुले मला फार थोडी भेटली.

पानाच्या तळाशी शिसपेन्सिलीने केलेला गुणाकार आहे : 86,400 गुणिले 11,574. एका ठिकाणी हातचा चुकला आहे, तो खोडून पुन्हा केला आहे. खाली वाक्य आहे, 'म्हणजे 11,574 क्युसेक दिवसभर सोडले की 1 टीएमसी.' हे बरोबर आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, दिवसाचे सेकंद 86,400 आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. चाचणीत 20 पैकी 9 मिळवणाऱ्या मुलाने पाच आकडी संख्यांचा गुणाकार स्वतःच्या गरजेपोटी केला, चूक स्वतः पकडली आणि उत्तराचा अर्थ एका वाक्यात लिहिला. तेव्हा त्याला गणित येत नाही, ही समजूत तुम्ही दोघांनी आधी बाजूला ठेवा. परीक्षेत जे विचारतात ते कागदावर ठरावीक पायऱ्यांनी मांडण्याची सवय त्याला नाही, एवढेच त्या नऊ गुणांवरून दिसते. रोज वीस मिनिटे तुमच्यापैकी एकाने शेजारी बसून पायऱ्या लिहायचा सराव करून घेतला तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसू लागेल. त्यासाठी नदीचे आमिष मात्र कधीही दाखवू नका. 'दशांशाची दहा गणिते केलीस तर पुलावर नेईन' असा सौदा एकदा केला की गणित ही किंमत होते आणि नदी ही खाऊची पुडी होते, आणि दोन्हींची चव जाते.

हे मी अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. ज्या लहान मुलांना स्केचपेनने चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांच्यातल्या काहींना आधी सांगितले गेले की चित्र काढलेस तर सोनेरी शिक्क्याचे, फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते मिळाले. काही दिवसांनी पुन्हा पेने समोर ठेवली, या वेळी बक्षिसाशिवाय, तेव्हा ही मुले इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्यांना काहीच कबूल केले नव्हते त्यांची आवड जशीच्या तशी होती.

माझ्या घरात हेच घडले आहे, आणि त्याचे दुःख अजून गेलेले नाही. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना बिया गोळा करायची. बहावा, गुंज, काटेसावर, पांगारा, रस्त्यात दिसेल ती बी उचलायची आणि एकेका काडेपेटीत ठेवायची. पेटीवर नाव नसायचे, कुठे सापडली ते असायचे : 'मामाच्या विहिरीजवळ', 'यष्टीत सीटखाली'. मी शिक्षिका. मला वाटले, हिच्या आवडीला वळण द्यावे. मी तिला विज्ञान प्रदर्शनात घातले, तक्ते केले, शास्त्रीय नावे तिच्याकडून पाठ करून घेतली, काडेपेट्यांच्या जागी सारख्या आकाराच्या बरण्या आणल्या. तालुक्यात नंबर आला. त्यानंतर तिने एकही बी उचलली नाही. पुढच्या पावसाळ्यात मी बरण्या उघडल्या तेव्हा बहाव्याच्या शेंगांना किडे लागले होते, आणि 'यष्टीत सीटखाली' लिहिलेली काडेपेटी मीच टाकून दिली होती. ती आवड तिची होती, मी ती माझी केली. तुम्हाला जे सांगायचे आहे त्यातला सगळ्यात मोठा भाग हाच आहे : मुलाच्या आवडीला जागा, वेळ, सामान आणि माणसे द्या, पण तिची दोरी त्याच्याच हातात राहू द्या.

आता वेळेचे पाहू. तुम्ही पत्रात त्याचा दिवस लिहिला आहे : अकरा ते पाच शाळा, सहा ते साडेसात शिकवणी, रात्री गृहपाठ आणि शनिवार-रविवारी अबॅकस. या दिवसात मोकळा तास कुठे आहे? आवड ही रिकाम्या वेळात धरते, आणि तो रिकामा वेळच आपण सगळ्यात आधी भरून टाकतो. अबॅकस बंद करा. त्या क्लासमध्ये वाईट काही नाही, पण ज्या मुलाला आकड्यांचा अर्थ लावण्याची ओढ आहे त्याला आकडे भराभर मिळवण्याच्या शर्यतीत बसवून काय साधणार? फी भरली आहे म्हणून वर्ष पुरे करायचे, असा हिशेब कृपा करून करू नका. शिकवणी लगेच मोडता येत नसेल तर तिचा आठवड्यातला एक दिवस तरी कमी करून घ्या. आणि मोकळा झालेला वेळ मोकळाच राहू द्या. त्यात तो नुसता खिडकीत बसला तरी चालेल.

सामानाबद्दल बोलायचे तर पैसे लागत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तो आजवर दुसऱ्यांनी मोजलेले आकडे उतरवतो आहे. त्याला स्वतः मोजायला मिळाले की त्याच्या वहीचे रूप पालटेल. थंड पेयाची सरळ बाजूंची दोन लिटरची बाटली घ्या, खांदा सुरू होतो तिथे कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा खालच्या भागात बसवा. बाटलीचा तळ उंच-सखल असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून ते बुडतील एवढे पाणी घाला आणि त्या पाण्याच्या रेघेवर शून्य येईल अशी पट्टी बाहेरून चिकटवा. झाले पर्जन्यमापक. तो गच्चीवर ठेवायचा, पण कठड्यापासून आणि झाडापासून लांब, नाहीतर आडोशाने पाऊस कमी भरतो. हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठला मोजते, त्यानेही साडेआठलाच वाचायचे आणि वाचून झाले की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेवर आणून ठेवायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे त्याला सांगू नका, गच्ची मोजायला टेप द्या आणि 'काल आपल्या गच्चीवर किती बादल्या पाणी पडले असेल रे?' एवढे विचारा. तो शोधील. चुकीचे शोधले तरी लगेच दुरुस्त करू नका.

लवकरच त्याच्या लक्षात येईल, कदाचित आलेही असेल, की सांगलीत लख्ख ऊन पडलेले असताना नदी चढते आणि सांगलीत धो-धो पाऊस असताना कधी कधी ती हलतही नाही. असे का, हा प्रश्न तुमच्या गावाइतका चांगला दुसरीकडे कुठे विचारता येईल? सांगलीला वर्षाचा पाऊस पाच-सहाशे मिलिमीटर, आणि कृष्णा जिथे उगम पावते त्या महाबळेश्वराला पाच हजारांच्या वर. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते, वारणा तुमच्या शेजारी हरिपूरला मिळते. म्हणजे त्याच्या वहीतल्या एका आकड्यामागे तीन नद्या आहेत. कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी, त्याला सहा वक्र दरवाजे. पण त्या धरणातले वीज करायला नेलेले पुष्कळसे पाणी पश्चिमेला कोकणात उतरते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. त्याच्या कधी तरी लक्षात येईल की धरणातून गेलेल्या सगळ्या पाण्याचा हिशेब आयर्विनला लागत नाही. त्या दिवशी तुम्ही उत्तर देऊ नका. घरात महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा भिंतीवर लावून ठेवलात तर उत्तर तो तिथेच गाठील. कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीला पाणी किती तासांनी चढते, हा दुसरा प्रश्न. आलेखाचा कागद आणून दाराच्या मागे चिकटवा, एका रंगाने विसर्ग आणि दुसऱ्या रंगाने पुलाची पातळी काढू द्या, मग दोन शिखरांमधले अंतर त्याला आपोआप दिसेल.

माणसे याहून महत्त्वाची. घरशिक्षण म्हटले की आई-वडील शिक्षक होतात असे आपण धरून चालतो, पण घरातून शिकलेली मुले पुष्कळदा घराबाहेरच्या माणसांकडून शिकतात. तुमच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ नक्की असेल, सांगलीत अशी गल्ली सापडणे कठीण की जिथे नसेल. नदीकाठी शेत असलेला कोणी नातेवाईक असेल, तो मुलाला सांगेल की पाणी कुठपर्यंत आले की काठावरच्या मोटारी वर काढायच्या, आणि आकडा ऐकून नव्हे तर कोणत्या झाडाच्या बुंध्याला पाणी लागले ते पाहून तो कसे ठरवतो. घाटावर नाव चालवणारे आहेत. त्यांना पाण्याचा रंग वाचता येतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांत राहणाऱ्या माणसांना 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी वर्तमानपत्रातून शिकावी लागत नाही. 40 म्हटले की ते सामान वर चढवायला लागतात. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी त्याला घेऊन जा आणि 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले तेव्हा भिंतीवर कुठपर्यंत आले होते ते त्याला हात लावून पाहू दे. मात्र तिथे गेल्यावर तो आधी ऐकून घेईल, लोकांच्या नुकसानीचा नुसता आकडा करणार नाही, एवढे त्याला घरून सांगून न्या. त्याच्या वहीतल्या फुटांमागे चुली आणि अंथरुणे आहेत, हे कळल्यावर तो ती वही अधिक जबाबदारीने लिहील.

जाता जाता मोबाईलबद्दल, कारण तो वडिलांच्या फोनवर 'ग्रुप'वर आलेले आकडे पाहतो असे तुम्ही लिहिले आहे. पुराच्या दिवसांत धरणाच्या दरवाजांच्या आणि पातळीच्या अफवा वाऱ्यासारख्या पसरतात. त्याच्या वहीत एक बारीकसा रकाना 'कुठून कळले' असा घालायला सुचवा. सुचवाच फक्त. अधिकृत आकडा, बातमीतला आकडा आणि कोणीतरी पुढे ढकललेला आकडा यांतला फरक अकराव्या वर्षी ज्याला कळला, त्याला तो जन्मभर उपयोगी पडेल.

एका बाबतीत मात्र तुम्ही कठोर राहा. नदीवर एकट्याने जायचे नाही, कधीच नाही. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, भोवरे वरून दिसत नाहीत, आणि भिलवडी-औदुंबर पट्ट्यातल्या मगरी तुम्हाला ठाऊकच आहेत. आठवड्यातून एकदा वडिलांनी त्याला दिवसाउजेडी पुलावर न्यावे. हे मी मुद्दाम वडिलांना सांगते आहे. वडिलांना या सगळ्याची चीड आहे असे तुमच्या पत्रावरून वाटते, पण मला त्यात काळजी दिसते. मुलाचे पुढे कसे होणार, ही काळजी खोटी नाही. त्यांनी महिनाभर त्याच्याशेजारी कठड्याला टेकून उभे राहावे, गुणांबद्दल एक शब्द न काढता त्याला बोलू द्यावे, आणि मग त्यांचे मत जे असेल ते असू द्यावे.

'यातून पुढे काय होणार?' असे ते विचारतात. कदाचित काहीही होणार नाही. दिवाळीनंतर नदी उतरेल, पात्र शांत होईल आणि कदाचित त्याची आवडही उतरेल. तो पतंग, बुद्धिबळ, नाही तर गाड्यांचे टायर यांच्या मागे लागेल. तसे झाले तर 'एवढे सगळे आणून दिले आणि सोडून दिलेस?' असे म्हणू नका. आवड सोडण्याचा हक्क नसेल तर ती नोकरी झाली. एका पावसाळ्यात तो नोंद ठेवायला, शंका घ्यायला, मोठ्या माणसांना नीट प्रश्न विचारायला शिकला, हे त्याच्याजवळ राहीलच. तो अभियंता होईल का, हवामानशास्त्रज्ञ होईल का, याचा विचार आज तुम्ही करू नका आणि त्याच्यासमोर तर मुळीच बोलू नका.

आता शाळेतून काढण्याचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : आत्ता काढू नका. घरशिक्षणाला माझा विरोध नाही. मनापासून, विचार करून ते करणारी कुटुंबे आहेत आणि त्यांची मुले चांगली वाढतात. कायद्याचे म्हणाल तर 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. घरी शिकवण्याचा त्यात वेगळा उल्लेख नाही, आणि घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूदही नाही. परत शाळेत यायचे झाले तर वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा 14 वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, आणि आपल्या राज्य मंडळाला 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी बसण्याची वाट तर जुनीच आहे. तेव्हा दार बंद आहे म्हणून मी नको म्हणत नाही.

माझी हरकत तुमच्या घराच्या परिस्थितीवरून आहे. तुम्ही अकरा ते सहा बाहेर असता, यजमान नोकरीवर, घरी सासूबाई. घरशिक्षणाला एका मोठ्या माणसाचा पुष्कळसा दिवस लागतो. तो शिकवण्यासाठी लागत नाही, मूल अडले की हाताशी असण्यासाठी, त्याला इकडून तिकडे नेण्यासाठी, त्याला सोबती मिळवून देण्यासाठी लागतो. पुण्यात तुमच्या मैत्रिणीला तशी दहा-वीस कुटुंबे भेटत असतील. सांगलीत ती तुम्हाला शोधावी लागतील. शिवाय तुमच्या पत्रात मुलगा शाळेला कंटाळला आहे, असे एकही वाक्य नाही. शाळा त्याला छळते असे तुम्ही लिहिले असते तर माझे उत्तर वेगळे असते. त्याची वही शाळेने टाकलेली नाही, ती घरात माळ्यावर गेली, हे मी दुखावण्यासाठी म्हणत नाही. बदल घरात करायचा आहे, एवढेच त्यातून दिसते. शाळेतले मित्र राहू द्या आणि शाळा सुटल्यानंतरचे घर त्याचे करा. वर्गशिक्षकांना एकदा भेटून वही दाखवा. भूगोलाला नाही तर गणिताला ती त्यांना वापरता आली तर उत्तमच, पण मुलाची परवानगी घेतल्याशिवाय वर्गासमोर नेऊ नका. माझ्या मुलीच्या बरण्या आठवा.

आपल्या मराठी मातीत हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला पाहिले की आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी मुलांना दोष देण्याऐवजी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणतात ती हीच. गुरे चरत होती, आणि मुले जिथे होती तिथेच, हाताशी असलेल्या पानाफुलांवर, दगडांवर शिकत होती. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचे, हा धडा त्या दोघींनी फार कष्टाने घालून दिला. तुमचा मुलगा आज आयर्विन पुलाच्या कठड्याशी आहे.

आणि धाकटी? ताई, तिच्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या आणि माझे मन मुलापेक्षा तिच्याचपाशी जास्त घुटमळले. 'कशाचीच आवड नाही' असे लिहून पुढच्याच वाक्यात तुम्ही तिची आवड लिहिली आहे. वाकळीच्या चिंध्या लावत बसणे म्हणजे काय, ते एकदा पंधरा मिनिटे न बोलता शेजारी बसून पाहा. जुन्या लुगड्याचा कोणता तुकडा कोणाशेजारी शोभेल, चौकोन पुरत नसेल तर दोन तिकोनी तुकडे जोडून तो कसा भरायचा, काठाची पट्टी कोपऱ्यावर आली की कशी वळवायची, हे ती हाताने ठरवत असेल. मुलाचे आकडे दिसतात म्हणून ती आवड वाटते, आणि मुलीचे घरकामात मिसळून जाते म्हणून ती कोणाला दिसतच नाही. मुलींच्या बाबतीत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. तिला चिंध्यांची स्वतःची एक पिशवी द्या, बोथट टोकाची सुई द्या, आणि बाहुलीएवढी वाकळ तिची तिला घालू द्या. धावदोरा वाकडा जाईल, जाऊ द्या. उसवून सरळ करून देऊ नका, सासूबाईंनाही तेवढे सांगा. सासूबाईंच्या हातात जे आहे ते शिकवणारा वर्ग तुम्हाला गावात फी भरून मिळणार नाही, आणि तुमच्या घरात तो रोज दुपारी भरतो आहे. कदाचित महिन्याभराने कळेल की तिला शिवण नको, रंग हवेत. किंवा शिवण नको आणि रंगही नकोत, आज्जी शिवताना सांगते त्या गोष्टी हव्यात, कोणते लुगडे कोणाच्या लग्नातले ते. पाहत राहा आणि घाईने नाव देऊ नका. भावाच्या वहीशी तिच्या पिशवीची तुलना तर कधीच नको.

शेवटी वहीचे. ती आजच परत द्या. भाषण करू नका, 'पण अभ्यासही झाला पाहिजे हं' असे शेपूट लावू नका. 'मी रागावून वही टाकली, ते चुकले माझे,' एवढे म्हणा आणि हातात द्या. आईने असे म्हटलेले मुलांना पेलते. वहीत बारा दिवसांची जागा रिकामी आहे. ती तुम्ही भरून देऊ नका, त्याच्यासाठी फोनवर जुने आकडे शोधूनही ठेवू नका. फक्त या महिन्यात रद्दी विकू नका. त्या बारा दिवसांची वर्तमानपत्रे जिन्याखाली जशी पडली असतील तशीच राहू द्या, ती कुठे आहेत एवढेच त्याला एकदा कानावर घाला. आयर्विन, कोयना आणि विसर्ग हे रकाने त्याला त्यातून भरता येतील. पाचव्या रकान्यासाठी त्याला आज्जीजवळ जाऊन बसावे लागेल.